टायर फुटणे ही देवाची करणी?

हिवाळी टायर बसवावेत की बसवू नयेत, हा प्रश्न शिरड शहापूरच्या माणसाने उपस्थित करावा यात वाचकांना गंमत वाटेल. आमच्याकडे बर्फ दिसतो तो रसवंतीच्या लाकडी पेटीत, भुशाखाली झाकलेला. थंडी पडते ती पौषात, चार पहाटे हात शेकाव्या इतकी. औंढ्याहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावर वर्षातले आठ महिने धूळ असते आणि उरलेले चार महिने चिखल. अशा ठिकाणी बसून युरोप-कॅनडातल्या बर्फाळ रस्त्यांवरच्या टायरांची चर्चा करणे म्हणजे कोरड्या विहिरीच्या काठावर पोहण्याची पैज लावणे, असे कोणी म्हटले तर मी भांडायला जाणार नाही. तरीही हा विषय आपल्या कामाचा आहे, असे माझे मत आहे. त्या देशांतल्या लोकांनी एका साध्या वस्तूविषयी जो विचार केला, तो आपण आपल्या वस्तूविषयी केलेला नाही. त्याची किंमत आपण दरवर्षी मोजतो. ती मोजताना नाव मात्र देवाचे घेतो.

आधी मूळ प्रश्न नीट समजून घेऊ. माझा एक भाचा कॅनडात मॉन्ट्रियलला असतो. तिथल्या क्वेबेक प्रांतात २००८ पासून हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. सध्याच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात ते गाडीला असलेच पाहिजेत. भाच्याने पहिल्या वर्षी मला फोनवर तक्रार केली होती, "मामा, गाडीला चार चाकं आणि मला विकत घ्यावे लागतात आठ टायर. हा कुठला न्याय?" बँकेत उभा जन्म गेलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो आधी कागद आणि पेन घेतो. मीही घेतले.

हिवाळी टायर म्हणजे नुसता जाड नक्षीचा टायर, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. खरा फरक रबरात आहे. नेहमीच्या टायरचे रबर गारठ्यात कडक होत जाते. साधारणपणे सात अंश सेल्सिअसच्या खाली त्याची पकड घटू लागते, असे मानतात. खेड्यातल्या सायकलची जुनी ट्यूब हिवाळ्यात कशी ताठ होते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. हिवाळी टायरच्या मिश्रणात थंडीतही मऊ राहील असे रबर वापरतात. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने चिरल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. या चिरांच्या कडा बर्फाला धरतात. फिनलंडमधल्या एका कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी असा टायर प्रथम काढला आणि दोनच वर्षांनी मोटारींसाठीही. तोच कारखाना पुढे नोकियन या नावाने ओळखला जाऊ लागला. जिथे वर्षातले पाच महिने रस्ता पांढरा असतो, तिथल्या लोकांना ही युक्ती सुचावी हे स्वाभाविकच आहे. गरज हीच शोधाची आई.

पण या मऊपणाला दुसरी बाजूही आहे. तोच टायर उन्हाळ्यात तापलेल्या कोरड्या रस्त्यावर लवकर झिजतो आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला अधिक अंतर घेतो. म्हणजे एका ऋतूत जो तारतो, तोच दुसऱ्या ऋतूत मारू शकतो. जर्मनीत यावर एक सोपी म्हण रूढ आहे. ऑक्टोबर आणि ईस्टर या दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर त्यांच्या भाषेत 'ओ' आहे, म्हणून 'ओ पासून ओ पर्यंत' हिवाळी टायर वापरावेत, असे ते म्हणतात. जर्मन कायदा मात्र तारखा देत नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ वा दव गोठलेले असेल तर हिवाळी टायर हवेत, असे तो २०१० पासून स्पष्टपणे सांगतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर टायरवर डोंगर आणि हिमकणाची खूण असेल तरच तो हिवाळी टायर धरला जातो.

आता खर्चाकडे वळू. भाच्याचा आक्षेप होता की खर्च दुप्पट होतो. वरवर पाहता तसेच दिसते, पण हिशेब मांडला की चित्र बदलते. हिवाळी टायर धावत असतात तेव्हा उन्हाळी टायर कोठीत पडून असतात, झिजत नाहीत. एक संच चाळीस हजार किलोमीटर चालत असेल तर दोन संच मिळून ऐंशी हजार चालतील. दर किलोमीटरचा रबराचा खर्च जवळपास तितकाच राहतो. खरा जादा खर्च म्हणजे दुसऱ्या संचात आगाऊ अडकलेल्या रकमेचे व्याज, वर्षातून दोनदा चाके बदलण्याची मजुरी आणि ठेवायला जागा. एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. ज्याची गाडी वर्षाला दोन-चार हजार किलोमीटरच फिरते, त्याचे रबर झिजण्याआधी म्हातारे होते. त्याच्यासाठी दुसरा संच हा खराखुरा जादा खर्च आहे. बाकीच्यांसाठी तो खर्च कमी आणि मुदतीपूर्वी भरलेला हप्ता जास्त. मी भाच्याला एवढेच सांगितले, की बाबा, तुला हा व्यवहार परवडतो. तो न करणे परवडेल की नाही, ते पहिल्या हिमवादळात कळते आणि तेव्हा दुकान बंद असते.

भारतात हा प्रश्न कोणाला पडावा? लडाख, लाहौल-स्पिती, काश्मीरच्या वरच्या भागातील वाहनचालकांना. रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून मैदानी गाड्या भर हिवाळ्यात लाहौलपर्यंत पोचू लागल्या. आपली मराठी मंडळी पर्यटनाला हौशी. गुळगुळीत रस्त्यांवर चालवलेली गाडी घेऊन तशीच वर निघणारे आपल्यात कमी नाहीत. गुलमर्गच्या चढावर बर्फ पडला की प्रशासन चाकांना साखळ्या बांधल्याशिवाय गाड्या सोडत नाही. तिथला स्थानिक टॅक्सीवाला या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा. तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनी आपली गाडी खाली ठेवावी आणि त्याच्या गाडीत बसावे, एवढा सल्ला पुरे. चार दिवसांच्या सहलीसाठी हिवाळी टायर घेणे म्हणजे एका लग्नासाठी घोडा विकत घेण्यासारखे आहे.

राहिला महाराष्ट्र. सात अंशांची ती मर्यादा आपल्याकडे कोणी ओलांडते का? ओलांडते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस परभणीचा पारा तीन अंशांपर्यंत उतरला होता. परंतु तसल्या पहाटा वर्षात बोटावर मोजण्याइतक्या. रस्ता त्या वेळी कोरडाठाक असतो आणि दिवस उगवून हातभर वर आला की डांबर पुन्हा उबदार होते. तेव्हा निकाल सरळ आहे. आपल्याला हिवाळी टायर नकोत. कोणी 'परदेशी माल' म्हणून गळ्यात मारू लागला तर घेऊ नयेत. आमच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ते मेणासारखे झिजतील.

लेख इथेच संपवता आला असता. पण थांबा. फिनलंडचा माणूस टायर घेताना स्वतःला एक प्रश्न विचारतो, की माझ्या रस्त्यावर, माझ्या ऋतूत, माझ्या गाडीला हे रबर थांबवील का? हा प्रश्न आपण कधी विचारतो? आपण विचारतो, 'अजून किती चालेल?' या दोन प्रश्नांत जो फरक आहे, त्यावरच मला आज बोलायचे आहे.

आमच्या भागात टायरचा जन्म एकदाच होतो, मरण मात्र अनेकदा येते आणि दरवेळी त्याला उठवून बसवले जाते. नवा टायर मालमोटारीच्या पुढच्या चाकाला चढतो. थोडा घासला की मागे जातो. नक्षी संपली की त्याच्यावर नवे रबर चढवतात, त्याला कोणी रिमोल्ड म्हणतात. तेही उतरले की तो ट्रॉलीच्या चाकाला येतो. ट्रॉलीला मोटार नाही, ब्रेक नावापुरता, मग तिला चांगला टायर कशाला, असा त्यामागचा विचार. ट्रॉलीनंतर बैलगाडी. लाकडी चाकांची जागा रबरी चाकांनी घेतली, तेव्हा खेड्यात तिचे नाव डनलॉप गाडी पडले. ज्या डनलॉपने १८८८ साली हवेचा टायर काढला तो जनावरांचा डॉक्टर होता. त्याचे नाव बैलांच्या मागे लागावे हा योग मोठा छान आहे. ऊसतोडीच्या धंद्यात तर अशा गाडीवाल्या टोळ्यांना 'टायर सेंटर' असेच म्हणतात. बैलगाडीतूनही सुटला की त्या टायरच्या चपला होतात, विहिरीच्या काठावर मोटेखाली टेकण होते, पोरांना काठीने पळवायला गाडा होतो. आणि यातले काहीच झाला नाही तर एखाद्या आंदोलनात चौकात पेटतो.

या उतरंडीत एक गुण आहे हे कबूल केले पाहिजे. काही फेकायचे नाही, हा आपल्या शेतकऱ्याचा संस्कार आहे आणि तो मला आवडतो. रबर चढवलेला टायर वाईटच, असेही मी म्हणणार नाही. एसटी महामंडळाचे स्वतःचे टायर पुनःस्तरणाचे प्रकल्प आहेत. विमानांचे टायरसुद्धा पुन्हा रबर चढवून वापरतात. आतला सांगाडा शाबूत असेल, काम जाणत्या हाताने झाले असेल आणि असा टायर पुढच्या चाकाला लावला नसेल, तर तो आपले काम चोख करतो. दोष पुनर्जन्मात नाही. दोष आहे तो तपासणीशिवाय दिलेल्या पुनर्जन्मात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ही उतरंड ज्या रस्त्यांवर घडली, ते रस्ते आता राहिलेले नाहीत. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, वारंगाफाटा करत नांदेडकडे जाणारा महामार्ग चौपदरी झाला. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. सगळा मिळून ७०१ किलोमीटरचा रस्ता. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. जुन्या खडबडीत रस्त्यावर गाडी पन्नासच्या वर जातच नसे. टायर गुळगुळीत असला तरी खड्डेच त्याचा वेग आवरत. खड्डा हा आपला अघोषित ब्रेक होता. आता खड्डा गेला, वेग आला आणि टायर मात्र तोच राहिला. वेग दुप्पट झाला की गाडी थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हे शाळेतल्या पदार्थविज्ञानात आपण सगळेच शिकलो. पण परीक्षेनंतर ते आठवायचे कोणाला?

समृद्धीवरच्या अपघातांनंतर टायरविषयी बरेच बोलले गेले. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून पंचवीस प्रवासी गेले, तेव्हा सुरुवातीला टायर फुटल्याचेच सांगण्यात आले होते. परिवहन विभागाच्या तपासणीत त्याला पुरावा मिळाला नाही. मला या घटनेतून वेगळाच बोध होतो. 'टायर फुटला' हे आपल्याकडे आता कारण राहिलेले नाही, ती सबब झाली आहे. तेवढे उच्चारले की चालक सुटतो, मालक सुटतो, पुढचे प्रश्न थांबतात. जणू टायर हा कोणाच्या हातातला विषयच नव्हे. वीज पडावी तसा तो फुटतो.

या समजुतीला मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एक सणसणीत उत्तर दिले. प्रकरण २०१० च्या ऑक्टोबरमधले. पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या मोटारीचे मागचे चाक फुटले, गाडी कोसळली आणि आत बसलेला अडतीस वर्षांचा कर्ता माणूस गेला. अपघात दावा न्यायाधिकरणाने कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी वर अपिलात गेली आणि तिने म्हणणे मांडले, की टायर फुटणे ही ईश्वरी घटना आहे, तिला चालकाचा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी ते फेटाळले. भूकंप, महापूर अशा माणसाच्या आवाक्याबाहेरच्या नैसर्गिक शक्तींना ईश्वरी घटना म्हणतात. टायर फुटतो तो वेगामुळे, कमी किंवा जास्त हवेमुळे, जुन्या टायरमुळे, उष्णतेमुळे. आणि प्रवासाला निघण्यापूर्वी टायरची स्थिती तपासणे हे चालकाचे वा मालकाचे काम आहे, असा त्या निकालाचा आशय आहे.

मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे 'ईश्वरी घटना' या शब्दाशी माझा जुना परिचय आहे. थकबाकीच्या वसुलीला गेले की तो शब्द उंबरठ्यावरच भेटायचा. अवर्षण, गारपीट, रोग या खऱ्या देवाच्या करण्या. पण त्यांच्या आडोशाला माणसाच्या करण्याही बसून घेत. देवाची करणी आणि नारळात पाणी, असे आपण कौतुकाने म्हणतो. नारळातल्या पाण्याचे श्रेय देवाला द्यायला माझी हरकत नाही. टायरमधल्या हवेची जबाबदारी मात्र त्याच्यावर टाकू नये.

हवेचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करतो. उन्हाळ्यात टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवावी, म्हणजे तापून फुटत नाही, असे आमच्याकडे चांगले जुने चालकही सांगतात. वस्तुस्थिती उलटी आहे. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला अधिक दबते आणि उलगडते. तार वाकडी-सरळ करत राहिले की ती जशी गरम होऊन तुटते, तसे त्या बाजूच्या धाग्यांचे होते. त्यात ओझे जास्त, रस्ता तापलेला, वेग शंभराच्या पुढे. मग टायर फुटतो आणि लोक म्हणतात, उन्हाने फुटला. उन्हाने नव्हे, हवेने फुटला. सकाळी, चाके थंड असताना, कंपनीने सांगितली तेवढी हवा भरावी. याला दहा मिनिटे लागतात आणि फार तर चहाइतका खर्च येतो.

थंडी हा जसा फिनलंडचा शत्रू, तसा आपला शत्रू कोण? एक ऊन, हे आताच सांगितले. दुसरा चिखल. मराठवाड्यातली काळी माती ओली झाली की साबणासारखी होते. शेतातून निघालेला ट्रॅक्टर ती चाकांना चिकटवून आणतो आणि डांबरी रस्त्यावर पसरतो. त्यावर मृगाची पहिली सर पडली की रस्त्यावर वर्षभर साठलेली धूळ, सांडलेले तेल आणि ही माती यांचा असा काला होतो, की त्यापुढे बर्फाने हात टेकावे. हा आमचा बर्फ. नक्षीतल्या खाचांचे काम काय, तर चाकाखालचे पाणी बाजूला लोटून रबराला रस्त्यापर्यंत पोचू देणे. प्रत्येक चाकाचा रस्त्याशी संबंध साधारण तळहाताएवढ्या जागेचा. अशा चार तळहातांवर आपले सारे कुटुंब बसून चाललेले असते. खाचा बुजल्या की ते तळहात पाण्यावर तरंगू लागतात.

कायदा याविषयी गप्प नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकी व तीनचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरच्या आणि इतर वाहनांची १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. ती कळावी म्हणून खाचांच्या तळाशी लहान उंचवटे ठेवलेले असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर संपला असे समजावे. २०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने मोटारी, हलकी व जड वाहने यांच्या टायरांसाठी ओल्या रस्त्यावरील पकडीचे निकषही नियमांत आणले. २०२३ साली परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशाशी टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. हे सारे योग्यच झाले. परंतु ज्या रस्त्यावर तपासणी नाके नाहीत, तिथे काय? आमच्या रस्त्यावर गाळपाच्या हंगामात वसमतच्या पूर्णा कारखान्याकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांची रांग लागते. पहाटेच्या धुक्यात ती पाहावी. मागे दिवा नाही, लाल कापड नाही आणि चाकांकडे पाहिले तर काळा आरसा.

४ एप्रिल २०२५ ची सकाळ आमच्या भागातले लोक विसरलेले नाहीत. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर बायका हळदीच्या कामाला निघाल्या होत्या. नांदेड तालुक्यात आलेगावच्या शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत गेला आणि सात जणी बुडाल्या. मी त्याला टायरचा अपघात म्हणत नाही, तसे म्हणायला आधार नाही. मला सांगायचे ते एवढेच, की ज्या वाहनातून आमच्या आयाबहिणी कामाला जातात, ते वाहन माणसांसाठी बनवलेलेच नाही. त्याचे ब्रेक, त्याचे टायर, त्याचा चालक यांकडे कोणी पाहणारा नाही. बैलाला पायात खिळा रुतला तर तो लंगडून सांगतो. टायर सांगत नाही.

यावर मला उत्तर मिळेल ते ठाऊक आहे. "साहेब, तुमची पेन्शन चालू आहे. ज्याच्या डोक्यावर ट्रॅक्टरचा हप्ता, मुकादमाला दिलेली उचल आणि पोरीचे लग्न आहे, त्याने नवे टायर आणायचे कुठून?" हा प्रश्न खरा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. ट्रॅक्टरसाठी कर्जाचे अर्ज मी शेकड्यांनी पाहिले. त्यात ट्रॅक्टरला रकाना असे, ट्रॉलीला असे, नांगराला असे. टायरला रकाना नसे. ट्रॅक्टर पहिल्यांदा येतो तेव्हा टायर त्याच्याबरोबर फुकट आल्यासारखा वाटतो. चार-पाच वर्षांनी तो बदलायची वेळ येते, ती नेमकी हप्ते सर्वांत जड झालेल्या वर्षी. मग तो खर्च सावकाराकडून येतो किंवा येतच नाही. विम्याचाही फारसा आधार नाही. नुसता टायर खराब झाला तर नेहमीच्या पॉलिसीत भरपाई नाही आणि गाडीबरोबर अपघातात गेला तर निम्मीच रक्कम हाती येते.

म्हणून माझे म्हणणे केवळ चालकाला उपदेश करण्याचे नाही. वाहनकर्ज देणाऱ्या बँकांनी कर्जाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी टायरांसाठी छोटी जादा मर्यादा मूळ मंजुरीतच बांधून द्यावी. बँकेचे तारण त्या चार चाकांवरच उभे असते, तेव्हा यात बँकेचा स्वार्थही आहे. साखर कारखाने ऊस वाहतुकीचे करार दरवर्षी करतात, उचलही देतात. त्या करारात ट्रॉलीच्या टायरची, ब्रेकची आणि मागच्या दिव्याची तपासणी ही अट घालणे अवघड नाही. काटा करताना वजन पाहतोच, तेव्हा चाक पाहायला किती वेळ लागतो? सरकारनेही एक पाऊल टाकले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणि ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा १८ वरून ५ टक्क्यांवर आला. आता तरी 'परवडत नाही' या उत्तराचा पुन्हा एकदा हिशेब करायला हरकत नाही.

तो हिशेब मीच मांडून दाखवतो. मोटारीचा उदाहरणादाखल हिशेब आहे, आकडे ज्याने त्याने आपापले घालावेत. समजा, चार टायरांना वीस हजार रुपये पडले. नवी नक्षी आठ मिलिमीटर, कायद्याची मर्यादा १.६, म्हणजे वापरायला ६.४ मिलिमीटर मिळाले. तेवढ्यात गाडी चाळीस हजार किलोमीटर चालली, तर किलोमीटरला पन्नास पैसे पडतात. आता पावसाळ्यातल्या सुरक्षिततेसाठी तीन मिलिमीटर उरले असतानाच टायर बदलायचे ठरवले. वापर पाच मिलिमीटरचा, अंतर सव्वाएकतीस हजार किलोमीटर, खर्च किलोमीटरला चौसष्ट पैसे. फरक चौदा पैशांचा. शिरडहून नांदेडला जाऊन यायला या फरकाने जी रक्कम जादा लागेल, तीत एका माणसाची न्याहारीही होणार नाही. भाच्याच्या हिवाळी टायरांचे गणित आणि आपले हे गणित शेवटी एकाच ठिकाणी येते. रबराचा शेवटचा मिलिमीटर हा सर्वांत महागडा असतो. तो वाचवण्यात मिळतात पैसे आणि पणाला लागते ती गाडीत बसलेली माणसे.

नियम कितीही केले तरी माणसाला तारीख लागते. जर्मनांनी आपली तारीख ईस्टरला बांधली. आपल्याकडे तर सणांची वाण नाही. खंडेनवमीला आपण अवजारे धुतो, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडतो. लिंबाला माझा विरोध नाही. पण लिंबू ठेवायला वाकलोच आहोत, तर क्षणभर त्या चाकाकडेही पाहावे. खाचेत बोट घालावे. बाजूला चीर, फुगवटा आहे का बघावे. टायरच्या अंगावर चार अंक कोरलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. म्हणजे त्याची जन्मपत्रिकाच तिथे लिहिलेली असते, ती वाचावी. दसऱ्यानंतर गाळप सुरू होते, म्हणून ही एक तपासणी. दुसरी मृगाच्या आधी, बी-भरणाची जुळवाजुळव करताना. जो शेतकरी मृगाआधी तिफणीचे फण तपासतो, त्याला ट्रॉलीची चाके तपासायला कोणी शिकवावे लागेल असे मला वाटत नाही. त्याच्या यादीत ती ओळ घालायची राहिली आहे, एवढेच.

तेव्हा हिवाळी टायर घ्यावेत का? मॉन्ट्रियलला राहत असाल तर अवश्य घ्या, आणि पैसे वाया गेले असे मानू नका. हिंगोलीत राहत असाल तर घेऊ नका. पण आपल्या उन्हाचा, आपल्या काळ्या चिखलाचा आणि आपल्या नव्या वेगाचा टायर कोणता आणि तो कधी बदलायचा, याचा विचार त्या फिनलंडवाल्याइतक्याच गंभीरपणे करा. न्यायालयाने देवाला या खटल्यातून केव्हाच निर्दोष सोडले आहे. आता आरोपीच्या पिंजऱ्यात आपणच उरलो आहोत.